चूल जपतो, धुराडं विसरतो

चूल कशी राखायची हे आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. सकाळी राख काढायची, माती-शेणाचा हात फिरवायचा, रात्री निखारे राखेखाली झाकायचे, मृगाच्या आत सरपण भरून ठेवायचं. या सगळ्याला पिढ्यांचा सराव आहे. धुराड्याला तो नाही, कारण जुन्या घराला बहुधा धुराडंच नसायचं. धूर स्वयंपाकघरात फिरायचा, माळ्यावर चढायचा आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडायचा. जाता जाता वासे काळे करायचा आणि त्यामुळे वाळवी, भुंगा जरा लांब राहायचे. आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसंही त्या धुरात टिकायची. डोळे आणि छाती मात्र चुलीपुढे बसणारीची जायची.

मग धुराडं आलं. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल झाली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम काढला आणि तो २००२ मध्ये गुंडाळेपर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या. गावोगावी त्यांना ‘निर्धूर चूल’ म्हणत. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने साच्यात पाडता येणारी ‘लक्ष्मी’ चूल लोकांपर्यंत नेली. चुली चांगल्या होत्या. पण चुलीबरोबर पाइप घरात आला, तरी तो पाइप सांभाळायची रीत आली नाही. ओडिशातल्या खेड्यांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या चुली मिळालेल्या घरांचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी लोकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फायदा विरून गेला, कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्त केल्या गेल्या नाहीत आणि शेवटी पडून राहिल्या. आपल्याकडे कोकणात, मावळात, विदर्भात कितीतरी घरांच्या भिंतीतून वर गेलेला आणि आतून गच्च बुजलेला पाइप दिसतो. त्याची कथाही हीच आहे.

आता चूल पुन्हा नव्या घरांत येते आहे. घरात गॅस असूनही आंघोळीच्या पाण्याला, भाकरीला, सणावाराच्या मोठ्या स्वयंपाकाला लाकूड लागतंच. त्यात कृषी पर्यटन केंद्रं, कोकणातले होमस्टे आणि ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी लावलेली हॉटेलं यांची भर पडली. ही चूल बहुतेकदा पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या बंद खोलीत असते, जिथे कौलांच्या फटी नाहीत. तिथे धुराडं बिघडलं तर धुराला दुसरी वाट नसते. पुढचं सगळं या घरांसाठी आणि या चालकांसाठी आहे.

धुराडं ओढतं कसं

धुराड्यात गरम हवा असते, बाहेर थंड. गरम हवा हलकी म्हणून वर जाते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा ओढली जाते. धुराडं जितकं उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ जास्त. पाइप अरुंद झाला, त्याला नको तितकी वळणं आली, मध्ये भेग पडून थंड हवा शिरली किंवा वरचं तोंड पक्ष्याच्या घरट्याने बुजलं, की ओढ मरते. मग धूर चुलीच्या तोंडातून उलटा घरात येतो.

धुरासोबत अर्धवट जळालेल्या लाकडाची वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश वर जात असतो. धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की हा अंश पाइपाच्या आतल्या बाजूला बसायला लागतो. आधी मऊ भुकटीसारखी काजळी धरते, मग खपल्या, आणि दुर्लक्ष झालं तर काळा चकचकीत थर. हा थर पेट घेतो, आणि एकदा पेटला की धुराड्याच्या आत तापमान १००० अंशांच्याही वर जाऊ शकतं. म्हणजे काजळीकडे नुसती अस्वच्छता म्हणून बघू नका, ती पाइपात साठवलेलं जळण आहे.

ती जास्त धरते ती तीन कारणांनी: सरपण ओलं असणं, आग दिवसभर मंद धुमसत ठेवणं आणि बाहेरच्या बाजूने गेलेला पाइप वाऱ्या-पावसाने थंड पडणं. तिन्ही गोष्टी आपल्याकडे श्रावणात एकत्र येतात. म्हणून उन्हाळ्यात दोन महिने न बुजणारा पाइप पावसाळ्यात तीन आठवड्यांत बुजू शकतो, आणि साफसफाईचं वेळापत्रक कॅलेंडरपेक्षा सरपणावरून ठरवावं.

आधी सरपणाकडे बघा

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते वीस टक्क्यांच्या खाली आलं तर लाकूड नीट जळतं. तोपर्यंत आगीची बरीचशी ताकद पाणी उडवण्यातच जाते, धूर वाढतो आणि काजळीही. दिवाळीनंतर तोडलेलं, मनगटाएवढं जाड चिरलेलं लाकूड वैशाखापर्यंत बऱ्यापैकी वाळतं. ओंडका न चिरता ठेवला तर वर्षभरानेही आतून ओला निघतो. ओळखायला यंत्र लागत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वाळलेलं, बद्द आवाज आला तर थांबा. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात आणि साल सहज सुटते.

रचताना खाली दोन आडवे दांडे घाला, म्हणजे जमिनीची ओल चढणार नाही आणि विंचू-सापांनाही आडोसा कमी मिळेल. वर पत्रा, बाजू उघड्या. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत घाम धरतो आणि लाकडाला बुरशी येते. पावसाळ्यात एक-दोन दिवसांचं सरपण चुलीजवळ आणून ठेवण्याची पद्धत बरोबर आहे, पण जवळ म्हणजे चुलीच्या कठड्याला टेकवून नव्हे. किमान तीन फुटांवर. चुलीच्या बरोबर वर फळी टांगून तिच्यावर लाकडं वाळत घालतात, ते मात्र सोडाच. फळीवरची वाळकी काटकी निसटून खाली पडायला एक मांजर पुरतं.

बाभूळ, सुबाभूळ, चिंच, सुरू ही घट्ट लाकडं संथ आणि चांगली जळतात. तुराट्या, पऱ्हाट्या, चिपाडं झटकन भडकतात, ठिणग्या उडवतात आणि राख फार करतात. पेटवणीला त्या उत्तम, पण नुसत्या त्यांवर स्वयंपाक होत असेल तर धुराडं आणि चुलीतून धुराड्याकडे जाणारा बोळ दुप्पट वेळा साफ करावा लागेल. बांबू जाळायचा तर पेरं फोडून घ्या, नाहीतर आत कोंडलेली हवा तापून ते फुटतात आणि निखारे अंगावर येतात.

काही गोष्टी चुलीत जाताच कामा नयेत. कण्हेर विषारी आहे आणि तिचा धूरही विषारी. बिब्ब्याच्या लाकडाच्या धुराने अंग सुजू शकतं. शेराचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून तो तोडण्यापासूनच जपावं लागतं. कोकणात काजूच्या बियांची टरफलं फुकट मिळतात आणि जोरात पेटतात, म्हणून मोह होतो. त्यांतल्या तेलाचा धूर झोंबरा असतो आणि पाइपात चिकट काजळी धरते. रंग दिलेलं फर्निचर, प्लायवूड, रेल्वेचे जुने स्लीपर, प्लॅस्टिक, टायर-ट्यूबचे तुकडे यांतून विषारी वायू निघतात. पावसाळ्यात पेटवणीला ट्यूबचा तुकडा वापरायची सवय घाटावर आणि कोकणात सारखीच आहे. त्याऐवजी नारळाची सोडणं, करवंटीचे तुकडे, गोवरीचा चुरा एखाद्या झाकणाच्या डब्यात कोरडा भरून ठेवा. रॉकेल किंवा डिझेल चुलीत ओतू नका, आणि धुमसत्या निखाऱ्यांवर तर कधीच नाही. तिथे त्याची आधी वाफ होते आणि मग भडका उडतो.

साफसफाई

धुराडं कधी झाडायचं, याला एक माप आहे. पाइपाच्या आतल्या बाजूला बसलेल्या थराची जाडी तीन मिलिमीटर झाली की वेळ झाली. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढी. रोज चूल पेटणाऱ्या घरात महिन्यातून एकदा बघावंच, पावसाळ्यात त्याहून लवकर. हॉटेलात, जिथे सकाळी दहापासून रात्रीपर्यंत आग विझत नाही, तिथे दर आठवड्याला. शिवाय दोन मोठ्या साफसफाया हव्यात. एक वैशाखात, पाऊस लागायच्या आत, छपराची कौलं परततानाच. दुसरी दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत. घरातली जळमटं निघतात त्याच दिवशी धुराड्याचीही काजळी निघाली तर वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

काम करायच्या आदल्या रात्रीपासून चूल पेटवू नका. राखेत निखारा लपलेला असतो आणि काजळीची भुकटी त्याच्यावर पडली तर भडकते. दुसऱ्या दिवशी सगळी राख काढा. चुलीचं तोंड आणि वैलाचं, म्हणजे दुसऱ्या भांड्याच्या जागेचं, तोंड ओल्या गोणपाटाने बंद करा, नाहीतर घरभर काळं होईल. नाका-तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, केसांना फडकं. काजळी फुप्फुसाला वाईट आणि त्वचेलाही, म्हणून पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला आणि नंतर ते वेगळे धुवा.

तीन-चार इंची पाइपासाठी बाजारातून महागडं काही आणायची गरज नाही. काथ्याचा घट्ट गोळा पाइपाच्या व्यासापेक्षा थोडा मोठा बांधा. त्याच्या एका बाजूला लांब दोर आणि त्या दोराच्या टोकाला दगड. दुसऱ्या बाजूला तेवढाच लांब दुसरा दोर. दगड वरून पाइपात सोडला की तो धुराड्याच्या तळाशी असलेल्या साफसफाईच्या खिडकीपाशी पोचतो. मग एकाने वरून आणि एकाने खालून दोर धरून गोळा आठ-दहा वेळा खाली-वर ओढायचा. सरळ उभ्या पाइपाला हे पुरतं. वळणाच्या पाइपाला वळणापाशी सुटा करता येणारा सांधा हवा. नसेल तर पुढच्या दुरुस्तीत तो करून घ्या, कारण काजळी सर्वांत जास्त तिथेच अडते. मोठ्या व्यासाच्या धुराड्याला लांब बांबूच्या टोकाला काथ्याचा झुपका बांधून चालतं. लोखंडी सळई आपटू नका. मातीच्या आणि सिमेंटच्या पाइपाला ती आतून तडा देते आणि तो तडा बाहेरून दिसत नाही.

भुकटीची काजळी अशी सहज पडते. खपल्या असतील तर जरा जोर लागतो. पण थर काचेसारखा चकचकीत आणि टणक झाला असेल तर काथ्या त्याच्यावरून नुसता घसरतो. असा पाइप खरवडत बसण्यापेक्षा बदललेला बरा. नव्या पत्र्याच्या पाइपाचा खर्च घर जळण्यापेक्षा नेहमीच कमी असतो, आणि काजळी तशी होण्याचं कारण ओलं सरपण असेल तर तेही त्याच दिवशी सुधारायला घ्या.

पाइप झाला की बोळ. दोन भांड्यांच्या चुलीत मुख्य चुलीकडून वैलाकडे आणि तिथून धुराड्याकडे जाणारा जो आडवा मार्ग असतो, त्यात राख साचते. लोक वर्षानुवर्षं पाइपाला दोष देतात आणि ओढ मेलेली असते ती या बोळात. लांब दांड्याच्या पळीने किंवा अर्ध्या करवंटीला काठी बांधून तो दर आठवड्याला मोकळा करा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि छपरावर चढावं लागत नाही.

मग चुलीच्या अंगाकडे बघा. सारवायच्या आधी बघा, नंतर नव्हे. सारवण भेगेवर पातळ पापुद्रा धरतं, भेग आत तशीच राहते आणि तिथून थंड हवा शिरून ओढ कमी होते. करंगळीचं नख शिरेल एवढी भेग असेल तर ती थोडी खोदून रुंद करा, पाणी शिंपडा आणि माती, शेण, भाताचं तूस यांचा घट्ट गारा आत दाबून भरा. आगीच्या बाजूला सिमेंट लावू नका. रोजच्या ताप-थंडीने ते सुटून येतं. भांडं तोंडावर नीट बसतं का तेही पाहा. फट राहिली तर धूर तिथूनच बाहेर येतो. वैलावर भांडं नसेल तेव्हा त्याला जाड झाकण हवं. उघडा वैल म्हणजे धुराड्याला मध्येच पाडलेलं भोक.

शेवटी परीक्षा. चूल पेटवायच्या आधी पेटती उदबत्ती तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. घुटमळला किंवा बाहेर आला तर धुराडं थंड आहे किंवा बुजलेलं. थंड असेल तर खालच्या खिडकीतून एक पेटतं चिपाड दोन मिनिटं आत धरा, हवा तापून ओढ सुरू होते. तरीही धूर परत आला तर चूल पेटवू नका.

आणि हे काम कुणाचं? चूल बाईची म्हणून धुराडंही तिचंच, असं बऱ्याच घरांत न बोलता ठरलेलं असतं. आणि छपरावर चढणं तिचं नाही, हेही ठरलेलं असतं. मग ते कुणाचंच राहत नाही. कौलं परतायला जो वर चढतो, त्याच्याच अंगावर हे काम टाका.

चढताना मात्र घाई नको. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो, आधी करकरतही नाही. पाय पत्र्याच्या मध्यावर न ठेवता जिथे खाली आडवा पाइप किंवा वासा आहे, त्या स्क्रूच्या ओळीवर ठेवा. त्याहून बरं म्हणजे दोन आधारांवर लाकडी फळी टाकून तिच्यावरून चाला. पावसाळ्यात शेवाळ असतं तेव्हा चढूच नका. कमरेला दोर आणि खाली शिडी धरायला माणूस, एवढं नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

पाइप आणि छप्पर

जुन्या निर्धूर चुलींना अनेक ठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप बसवलेले आहेत. ते धड असतील तर त्यांना उगाच हात लावू नका. कोरडे कापू नका, भोक पाडू नका, घासू नका, कारण त्यांचे सूक्ष्म धागे छातीत गेले तर कर्करोगाला कारण होतात. तडकले असतील तर ओले करून अखंड उतरवा आणि नवा पाइप बसवताना भाजलेल्या मातीचा किंवा लोखंडी पत्र्याचा घ्या. असे पाइप आगीला चिकटून असले तर आचेने फुटतातही. पत्र्याचा पाइप घेताना दुकानदार जस्ताचा मुलामा दिलेला पुढे करतो. तो वरच्या भागाला चालेल, पण आगीजवळच्या पहिल्या टप्प्याला साधं काळं लोखंड किंवा माती हवी. जस्त जास्त तापलं की त्याची वाफ बाधते.

पत्र्याचे दोन पाइप जोडताना वरच्याचं टोक खालच्याच्या आत जायला हवं. उलट जोडले तर आत ओघळणारा काळा रस सांध्यातून बाहेर झिरपतो आणि भिंतीवर डाग धरतो. सोपी गोष्ट आहे, पण बऱ्याच ठिकाणी उलटी केलेली दिसेल. धुराड्याला दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. आडवा भाग लागलाच तर तो थोडा चढता ठेवा.

छपरातून पाइप जिथे बाहेर पडतो ती जागा सर्वांत धोक्याची. एकेरी पत्र्याच्या पाइपापासून लाकडी वासा, रीप, प्लायवूड, गवत किमान दीड फूट दूर हवं. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून कोळशासारखं होत जातं आणि पूर्वी पेटलं नसतं अशा आचेलाही पेटतं. म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. भोवतालची फट गोणपाट, थर्माकोल किंवा फोमने बुजवू नका. पत्र्याची कॉलर बसवून घ्या. गवताने शाकारलेल्या छपरातून धुराडं नेऊच नका, भिंतीतून बाहेर काढून उभं करा.

उंचीचं एक माप अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत आहे आणि ते इथेही उपयोगी पडतं. धुराडं छपरातून जिथे बाहेर येतं तिथून निदान तीन फूट वर हवं आणि दहा फुटांच्या परिसरात छपराचा जो सर्वांत उंच भाग असेल त्याच्याहून निदान दोन फूट वर. यापेक्षा बुटकं ठेवलं तर आढ्यावरून खाली येणारा वारा धूर परत आत ढकलतो. पावसासाठी टोपी हवीच, पण टोपी आणि पाइपाचं तोंड यांत पाइपाच्या व्यासाएवढी तरी जागा सोडा. साळुंक्यांनी आत घरटं करू नये म्हणून जाळी लावाल तर अर्ध्या इंचाच्या भोकांची लावा. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी काजळीने आठवड्यात बुजते. धुराड्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे आणि कडब्याच्या गंजीकडे नको, हे सांगायला लागू नये, तरी सांगावं लागतं.

हॉटेल आणि होमस्टेवाल्यांसाठी दोन गोष्टी. चुलीच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा लावलात आणि खिडक्या बंद ठेवल्यात, तर तो पंखा धुराड्यातूनच हवा खाली ओढतो आणि धूर खोलीत येतो. पंखा हवाच असेल तर खाली हवा आत यायला मोठी जाळी ठेवा. दुसरं, गॅसच्या शेगडीवर बसवतात ती विजेची चिमणी लाकडाच्या आगीवर बसवू नका. तिच्या जाळीत तेल साठलेलं असतं आणि खालून ठिणग्या येत असतात.

राख, सिलिंडर आणि बंद खोली

राखेत निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहतो. ती प्लॅस्टिकच्या बादलीत, गोणीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरू नका. झाकणाची लोखंडी बादली ठेवा, तीही लाकडी ओट्यावर किंवा गोठ्यात नव्हे, बाहेर मातीवर. थंड झालेली राख भांड्यांना, शेतात, कडधान्य साठवायला वापरा, पण ओल्या राखेचं पाणी झोंबतं हे ध्यानात ठेवा.

२०१६ नंतर उज्ज्वला योजनेमुळे लाखो घरांत सिलिंडर आले आणि बऱ्याच ठिकाणी ते चुलीच्याच खोलीत ठेवले गेले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरतो, आणि आपली चूल जमिनीवरच असते. शक्यतो सिलिंडर दुसऱ्या खोलीत ठेवा. नसेल जमत तर चूल पेटवायच्या आधी रेग्युलेटर बंद आहे ना, वास येत नाही ना, हे बघायची सवय लावा. वास आला तर काडी ओढू नका, विजेचं बटण दाबू नका, दार उघडा.

लाकूड-कोळशाच्या आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, अंगात झोप भरणं ही लक्षणं असतात आणि घरातल्या सगळ्यांना एकदम होत असतील तर ती पित्ताची नव्हेत. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि दवाखाना गाठा. तांब्याचा बंब न्हाणीघरात पेटवून दार लावून आंघोळ करू नका. तो पडवीत किंवा मागच्या अंगणात पेटवा आणि पाणी आत न्या. थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन दारं बंद करून झोपणाऱ्यांना हेच सांगणं आहे. पाहुणे झोपतात त्या खोलीच्या भिंतीपलीकडे चूल असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्या. बॅटरीवर चालतो.

धुराडं पेटलं तर

आधी आवाज येतो. पाइपातून जोरात वारा सुटल्यासारखा घोंगावणारा. मग वरून ठिणग्या, कधी ज्वाळा, आणि पाइप लालबुंद. अशा वेळी पाणी ओतायचा मोह होतो. ओतू नका. तापलेला पाइप पाण्याने फुटतो आणि वाफ अंगावर येते. चुलीवरची भांडी उचलू नका, तोंडं उघडी पडली की हवा जास्त जाते. चुलीचं पुढचं तोंड जाड पत्र्याने किंवा ओल्या मातीने बंद करा. हवा तुटली की आग मंदावते. मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढा, सिलिंडर सुरक्षितपणे हलवता येत असेल तरच हलवा, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. पाणी मारायचंच असेल तर छपराच्या लाकडांवर आणि जवळच्या गंजीवर बाहेरून मारा. आग विझल्यावरही दोन-तीन तास माळ्यावर आणि वाशांपाशी लक्ष ठेवा. पाइप नीट तपासल्याशिवाय पुन्हा चूल पेटवू नका. अशा आगीनंतर तो बहुधा बदलावाच लागतो.

कुणाला भाजलं तर वीस मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली धरा. तूप, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नका. चुलीपुढे बसताना पदर खोचलेला आणि सुती असावा, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. वाळूची एक बादली चुलीपासून हात पोचेल अशा, पण आगीपलीकडे नसलेल्या जागी ठेवा. हॉटेलात तिच्या जोडीला पावडरचं अग्निशामक हवं आणि ते चालवायला येणारा माणूस प्रत्येक पाळीत हवा.

नवीन चूल बांधून घ्यायची असेल तर गवंडी चूल सुबक करतो, ओटा गुळगुळीत करतो आणि साफसफाईची खिडकी विसरतो. ती आधीच सांगून ठेवा: धुराड्याच्या तळाशी, बोळ जिथे वर वळतो तिथे, मूठ आत जाईल एवढी. तिला सैल वीट लावायची आणि मातीने लिंपून ठेवायची. सांधे सुटणारे, पाइप सरळ, छपरापाशी कॉलर, वर टोपी, हे सगळं नंतरही करता येतं, पण खिडकी नंतर करायची तर चूल फोडावी लागते. गवंड्याला पैसे द्यायच्या आधी वीट काढून हात आत घाला आणि वर पाइपापर्यंत वाट मोकळी लागते का ते बघा.